नेम–नाम खरं, सेंट–संत खोटं: इंग्रजी शब्दांचं मूळ तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीजवळच्या एका ताईंचा मुलगा मराठी माध्यमात नववीला आहे. शाळेतल्या भाषेच्या कार्यक्रमात वाचून दाखवायला त्यानं फोनवर फिरत आलेली एक यादी वहीत उतरवून घेतली आहे. ‘इंग्रजी शब्द मुळात आपलेच’ असा तिचा मथळा. त्यात नेम म्हणजे नाम, शुगर म्हणजे शर्करा, ट्री म्हणजे तरू, नेव्हिगेशन म्हणजे नवगती, सेंट म्हणजे संत आणि बॅड म्हणजे बद, अशा जोड्या आहेत. शेवटी न्यूज हा शब्द चार दिशांच्या आद्याक्षरांपासून झाला आणि पॉश हा बोटीच्या तिकिटावरून आला, असंही दिलंय. ताई विचारतात, यातलं खरं किती? आणि पोराला इंग्रजी शब्द लक्षात ठेवायला याचा काही उपयोग आहे का, की नुसताच टाइमपास?

ताई, आधी निकाल सांगतो, मग कारणं. आठांपैकी दोन खरे: नेम आणि शुगर. नेव्हिगेशन अर्धा खरा. बाकीचे पाच खोटे. उपयोगाचं म्हणाल तर भरपूर आहे, आणि सीमाभागातल्या मुलाला तर इतरांपेक्षा जास्त. घरी मराठी, बाजारात आणि शाळेच्या एका तासाला कन्नड, टीव्हीवर हिंदी, असं जगणाऱ्या पोराला एकच शब्द चार तोंडी कसा फिरतो हे कुणी शिकवावं लागत नाही. माझी नोकरी याच भागातल्या मराठी शाळांतून इंग्रजी शिकवण्यात गेली. ‘सर, ह्यो शब्द असाच का हाय वो?’ हा प्रश्न ज्या पोरानं विचारला, त्याचं इंग्रजी सुधारलं नाही असं मला आठवत नाही.

यादीची मूळ खोड अशी की ती फक्त कानाला विचारते. दोन शब्द सारखे ऐकू आले की झालं नातं पक्कं. आपल्याकडं गावोगावी पाटील आहेत, म्हणून काही ते सगळे एकमेकांचे भाऊबंद होत नाहीत. नातं ठरवायचं तर शब्द कुठल्या वाटेनं आला, कधी आला आणि पूर्वी तो कसा उच्चारला जात होता, हे बघावं लागतं.

जे दोन खरे आहेत तेसुद्धा एकाच प्रकारे खरे नाहीत. शुगर हा इंग्रजीनं उसना घेतलेला शब्द आहे. नेम मात्र उसना नाही. तो इंग्रजीचा स्वतःचा आहे, नाम हा संस्कृतचा स्वतःचा आहे, आणि दोघे चुलत भाऊ आहेत. हा फरक मुलाला समजला की निम्मं काम झालं.

शुगरपासून सुरू करू, कारण चिकोडी–अथणी–हुक्केरीकडच्या माणसाला ऊस काही नवा नाही. शर्करा या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ गोड पदार्थ हा नव्हेच. खडे, रेती, कंकर असा तो अर्थ. उसाचा रस आटवून त्याचे खडे पाडायला लागले, तेव्हा ते रेतीसारखे दिसले म्हणून तेच नाव त्यांना मिळालं. प्राकृतात त्याचं सक्कर, सक्खर झालं, आणि आपली साखर तिथूनच आली. तिकडं इराणात शकर, अरबीत सुक्कर. अरबांनी ऊस भूमध्य समुद्राकाठी सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेला, त्याबरोबर शब्दही गेला. मग मध्ययुगीन लॅटिन, तिथून फ्रेंच स्यूक्र आणि शेवटी इंग्रजी शुगर. प्रत्येक मुक्कामाचे कागद सापडतात, म्हणून ही व्युत्पत्ती पक्की. कँडीची वाट तशीच: खंड, फारसीत कंद, अरबीत कंदी, मग फ्रेंच, मग इंग्रजी. गुळाला इंग्रजीत जॅगरी म्हणतात तो शब्दही शर्करेचाच, पण तो वेगळ्या रस्त्यानं गेला: मलबार किनाऱ्यावरून पोर्तुगीजांच्या तोंडी जागरा झाला आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला. म्हणजे एकच शर्करा इंग्रजीत दोनदा शिरली, एकदा अरबांच्या हातून साखर होऊन आणि एकदा पोर्तुगीजांच्या हातून गूळ होऊन.

आता नेम. इथं वाट दाखवता येत नाही, कारण वाट नाहीच. इथं मूळ घर एक आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढं विल्यम जोन्स या न्यायाधीशानं सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असूच शकत नाही. या भाषा कुठल्या तरी एका जुन्या भाषेपासून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा आता कदाचित उरलेली नाही. नीट वाचा: संस्कृतातून निघाल्या असं तो म्हणाला नाही. संस्कृत ही आई नव्हे, थोरली बहीण म्हणा हवं तर. यादीचा मथळा इथंच चुकतो.

याकोब ग्रिम या जर्मन पंडितानं १८२२ साली या साम्याला नियमात बसवलं. हा नियम नववीच्या पोराला पाच मिनिटांत समजतो, मी नेहमी फळ्यावरच घ्यायचो. संस्कृतात जिथं प, तिथं इंग्रजीच्या घरच्या शब्दात फ: पितृ–फादर, पाद–फूट. जिथं द, तिथं ट: दश–टेन, द्वि–टू. जिथं त, तिथं थ: त्रि–थ्री, तनु–थिन, तृष्णा–थर्स्ट. जिथं ग किंवा ज, तिथं क: गो–काऊ, जानु–नी. जिथं भ आणि ध, तिथं ब आणि ड: भ्रातृ–ब्रदर, विधवा–विडो. न आणि म जागचे हलत नाहीत, म्हणून नामन् आणि नेम सारखेच राहिले.

नी म्हणजे गुडघा. याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला के लिहितात आणि उच्चारत नाहीत, म्हणून मुलं वैतागतात. पण तो के पूर्वी उच्चारला जायचा, सतराव्या शतकाच्या सुमारास तो बोलण्यातून गळाला. लिहिण्यात मात्र राहिला. जाणणे या अर्थाच्या नो या शब्दातही तोच के आहे, आणि तो आपल्या ज्ञा धातूचा सख्खा चुलत भाऊ. ज्ञानाचा उच्चार आपण मराठीत ‘द्न्यान’ करतो, आपले कन्नड शेजारी ‘ग्न्यान’ करतात. ग्रीकमध्ये तोच शब्द ग्नोसिस. कन्नड शिक्षकाच्या तासाला ऐकलेला ‘ग्न्यान’ लक्षात ठेवला तर नो मधला के कधी विसरायला होत नाही. हे माझ्या वर्गात हमखास चालायचं.

या नियमावर ट्री–तरू ही जोडी घासून बघा. संस्कृत त असेल तर इंग्रजीत थ हवा. ट्रीमध्ये ट आहे. म्हणजे संस्कृतात द असलेला शब्द शोधायला हवा, आणि तो आहे: दारु, म्हणजे लाकूड. बाटलीतली दारू नव्हे हो, देवदार या झाडाच्या नावातला दारु. ग्रीकमध्ये त्याचाच भाऊ द्रूस, म्हणजे ओक वृक्ष. यादी करणारा झाडापर्यंत बरोबर पोचला होता, फक्त चुकीच्या फांदीवर बसला.

बॅड आणि बद ही जोडी तर जगप्रसिद्ध आहे. बदनाम, बदमाश, बदसल्ला यांतला बद फारसीतून आला. अर्थ तोच, उच्चार जवळजवळ तोच. कुणालाही वाटेल की नातं असणारच. इथं दुसरी कसोटी लावायची: खरं नातं असेल तर मागं जाल तसं साम्य वाढतं, योगायोग असेल तर मागं जाल तसं घटतं. फारसी बद जुन्या काळी वद असा होता, सुरुवातीला ब नव्हताच. म्हणजे हजार–दीड हजार वर्षं मागं गेलात तर जोडी फुटते. आता हीच कसोटी टूथला लावा. आज टूथ आणि दन्त यांच्यात फारसं काही सारखं दिसत नाही. पण इंग्रजीची बहीण असलेल्या डच भाषेत दाताला आजही टांड म्हणतात. हरवलेला न तिथं शाबूत आहे. इंग्रजीनं तो गिळला. कानाला बॅड–बद जवळचे आणि टूथ–दन्त लांबचे वाटतात. खरं बरोबर उलट आहे.

सेंट आणि संत. वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलाला ही जोडी खोटी आहे हे सांगताना जरा सांभाळून सांगा, वाईट वाटतं. सेंट आला लॅटिन सांक्टुस वरून, अर्थ पवित्र म्हणून वेगळा काढलेला, विधीनं मान्य केलेला. संत आला सत् वरून, आणि सत् हा अस् धातूचा: जो आहे तो, खरा आहे तो. दोन्ही शब्दांचे पाय वेगळ्या जमिनीत. संताला इंग्रजीत नातेवाईक नाहीत असं मात्र नाही. अस्ति आणि इंग्रजी इज हे एकाच धातूचे. खरं, सत्य या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द सूथ, जो आता भविष्य सांगणारा या अर्थाच्या सूथसेयर या शब्दात उरलाय, तो थेट आपल्या सत्चा भाऊ. कार्यक्रमात मुलानं हे सांगितलं तर मूळ यादीपेक्षा जास्त टाळ्या पडतील.

नेव्हिगेशन अर्धा खरा का? त्यातला पहिला तुकडा लॅटिन नाविस, म्हणजे जहाज. आपला नौ, नौका त्याचा भाऊ. पण पुढचा भाग गती नव्हे. तो आगेरे, म्हणजे हाकणे. नाव हाकणे ते नेव्हिगेशन. नवगती हा शब्द यादीवाल्यानं घरीच बनवलाय.

न्यूज. उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जुळवली की न्यूज होतं, हे मी शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलंय. खरं इतकंच की न्यू म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज, नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही बातम्यांना नूव्हेल म्हणजे ‘नव्या’च म्हणतात. इंग्लंडात वर्तमानपत्र निघण्याच्या कितीतरी आधी हा शब्द रूढ होता. आणि हो, न्यू आणि नव हे खरे भाऊ आहेत, ती जोडी यादीत घालायची राहिलीच! आद्याक्षरांचा एक ढोबळ नियम सांगून ठेवतो: विसाव्या शतकाआधीचा शब्द आद्याक्षरांपासून झाला असं कुणी सांगितलं तर सहसा विश्वास ठेवू नका. तसे शब्द बनवण्याची फॅशन मुख्यतः विसाव्या शतकातली. मोठा अपवाद एकच, ओके. २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्ट या वर्तमानपत्रात तो सापडतो. ऑल करेक्ट हे मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं लिहायची त्या वेळी टूम होती, त्या चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं म्हणजे ओके. दुसऱ्या वर्षीच्या अमेरिकेतल्या निवडणुकीत व्हॅन ब्यूरेन या उमेदवाराच्या टोपणनावाशी ती अक्षरं जुळली, आणि शब्द टिकला. अॅलन वॉकर रीड या अभ्यासकानं जुनी वर्तमानपत्रं चाळून हे सिद्ध केलं.

इथवर यादीचं झालं. पण मला विचाराल तर मुलानं ही यादी बाजूला ठेवावी आणि आपल्या जिल्ह्यातून चक्कर मारून शब्द गोळा करावेत.

कणकुंबीपासून सुरुवात करा. खानापूर तालुक्यातल्या या गावात मलप्रभा उगम पावते, आणि तिथंच कळसा नाल्याचं पाणी वळवून मलप्रभेत आणण्याच्या योजनेवरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात म्हादईचा वाद पेटलाय. २०१० साली त्यासाठी लवाद नेमला गेला, २०१८ साली त्याचा निवाडा आला. आता इंग्रजी शब्द बघा. लॅटिनमध्ये ओढ्याला रिवुस म्हणायचे. एकाच ओढ्यावरून पाणी घेणारे दोन शेजारी ते रिवालिस. त्याचाच रायव्हल झाला, प्रतिस्पर्धी. ओढ्याचं पाणी पाट काढून दुसरीकडं वळवणं म्हणजे देरिवारे, त्याचं झालं डिराइव्ह. एक शब्द दुसऱ्यापासून निघाला हे सांगायला इंग्रजीत डिराइव्ह वापरतात, गणिताच्या पुस्तकात सूत्र ‘डिराइव्ह’ करा म्हणतात, ते मुळात नाल्याचं पाणी वळवणं आहे. रायव्हल आणि डिराइव्ह हे दोन्ही शब्द कणकुंबीला उभं राहून शिकवले तर फळा लागत नाही.

आणि लगेच सावध करतो: रिव्हर हा शब्द या कुळातला नव्हे. तो लॅटिन रीपा, म्हणजे काठ, यावरून आला. आधी नदीकाठचा प्रदेश, मग नदीच. काठाला लागणं म्हणजे अराइव्ह. रायव्हल आणि रिव्हर कानाला जुळे, अर्थानंही पाण्याजवळचे, आणि तरी एकमेकांचे कुणी नव्हेत. ज्याला ही गोम कळली त्याला फोनवरची कुठलीही यादी फसवू शकत नाही.

बेळगावात उद्यमबागेत या. फौंड्री हा शब्द इथं पोरासोरांच्या तोंडी आहे. भट्टीत लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं. लॅटिन फुंदेरे म्हणजे ओतणे, त्यावरून फ्रेंच, त्यावरून फौंड्री. आता गंमत: रिफंड म्हणजे परत ओतणे. कन्फ्यूज म्हणजे एकत्र ओतून गडबड करणे. विजेचा फ्यूज वितळतो म्हणून फ्यूज. बंद पडलेल्या मोटारीचा फ्यूज आणि गॅसच्या सबसिडीचा रिफंड हे दोघे एकाच भट्टीतले आहेत हे ऐकून मुलं हसतात, पण शब्द डोक्यात बसतो. सुरुंगाची वात या अर्थाचा फ्यूज मात्र वेगळा. तो चातीसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला. आणि फाउंडेशन, म्हणजे पाया, तोही फौंड्रीचा कुणी नव्हे. तो फुंदुस वरून, म्हणजे तळ. संस्कृतात बुध्न, इंग्रजीत बॉटम, हे त्याचे भाऊ. कारखान्याचा फाउंडर म्हणजे पाया घालणारा, आणि फौंड्रीतला ओतारी तोही इंग्रजीत फाउंडर. स्पेलिंग एक, उच्चार एक, माणसं दोन.

वडगाव–खासबाग भागात मागाचा खडखडाट ऐकला असेल. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. त्याला इंग्रजीत शटल म्हणतात, मूळ अर्थ फेकलेला बाण. दोन ठिकाणांमध्ये सारखी ये-जा करणारी गाडी ती शटल, आणि बॅडमिंटनचं फूलही त्यावरूनच. मागाला लूम म्हणतात, त्याचा जुना अर्थ कुठलंही हत्यार-अवजार. म्हणून वडिलोपार्जित वस्तू ती एअरलूम, तिचा मागाशी संबंध असायलाच हवा असं नाही. विणणे या लॅटिन धातूवरून टेक्स्टाइल, आणि त्याच धातूवरून टेक्स्ट, म्हणजे विणलेला मजकूर.

संकेश्वरच्या मिरचीवर मात्र जरा थांबायला हवं. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आपल्याकडं आणली. त्याआधी आपल्या जेवणात तिखटपणा मिऱ्याचा आणि पिंपळीचा. नवं फळ आलं, तिखट लागलं, लोकांनी जुन्या तिखटाचं नाव त्याला दिलं: मिऱ्यावरून मिरची. कन्नडात मिऱ्याला मेणसु म्हणतात आणि मिरचीला मेणसिनकाई, तोच प्रकार. आणि इंग्रजीत? मिऱ्याला पेपर, आणि मिरचीलाही पेपर. कोलंबस मिऱ्यांच्या शोधात निघाला होता, त्याला जे तिखट मिळालं त्याला त्यानं आणि युरोपनं तेच नाव लावलं. तिन्ही भाषांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली. वर कडी अशी की पेपर हा शब्द मुळात आपल्या पिप्पली वरून ग्रीक, लॅटिन करत इंग्रजीत गेलेला. चिली हा शब्द मात्र मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेचा, फळाबरोबर निघालेला.

निपाणीची तंबाखू तशीच: कॅरिबियन बेटांवरचा शब्द, स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडी तबाको, इंग्रजीत टोबॅको, आपल्याकडं तंबाखू. कन्नडात तिला होगेसोप्पु, धुराचा पाला, असंही स्वतःचं नाव आहे. खानापूरकडचा काजू ब्राझीलमधल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांनी आणला, त्याचाच इंग्रजी कॅश्यू. बटाटा आणि पोटॅटो यांचंही मूळ तेच, कॅरिबियन. फक्त आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि इंग्रजांनी स्पॅनिशांकडून. या तीन शब्दांत कोण कुणाचं ऋणी हा प्रश्नच नाही, दोघंही गिऱ्हाईक.

पगाराचं सांगतो आणि अभ्यासाकडं वळतो. पगार आपण गोव्याच्या पोर्तुगीजांकडून उचलला. पागार म्हणजे पैसे चुकते करणे. त्याचं मूळ लॅटिन पाकारे, शांत करणे. इंग्रजी पे सुद्धा त्याच पाकारेचा, आणि पीस म्हणजे शांतता हाही त्याच कुळातला. पैसे मागायला आलेल्याला शांत करणं म्हणजे पैसे देणं. महिन्याच्या शेवटी घरोघरी याचा अनुभव येतोच.

आता उपयोग. इंग्रजीत एका कल्पनेला दोन-दोन शब्द का, हे मुलाला छळतं. कारण १०६६ साली नॉर्मन फ्रेंच लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबाराची भाषा फ्रेंच, शेतकऱ्याची इंग्रजी. पाळणाऱ्याच्या तोंडी शीप, ताटात वाढल्यावर फ्रेंच मटण. नंतर पंडितांनी लॅटिन-ग्रीकमधून पोतीच्या पोती शब्द आणले. या आणलेल्या शब्दांना ग्रिमचा नियम लागत नाही, म्हणून ते संस्कृतच्या आणखी जवळ दिसतात. याचा फायदा उठवायचा. वहीत तीन रकाने आखा: संस्कृत-मराठी, लॅटिन किंवा ग्रीकमधून आलेला इंग्रजी शब्द, आणि घरचा इंग्रजी शब्द. दन्त–डेंटिस्ट–टूथ. पाद–पेडल–फूट. पितृ–पॅटर्नल–फादर. दश–डेसिमल–टेन. त्रि–ट्रायँगल–थ्री. हृदय–कार्डियाक–हार्ट. एका जुन्या ओळखीवर दोन नवे शब्द पदरात पडतात.

उपसर्गांचं तर विचारूच नका. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे एका हृ धातूचे खेळ आहेत हे मराठी माध्यमाच्या मुलाला आधीच ठाऊक असतं. तोच खेळ लॅटिनमध्ये पोर्ट, म्हणजे वाहून नेणे, या धातूशी चालतो: इम्पोर्ट आत नेणे, एक्स्पोर्ट बाहेर नेणे, ट्रान्सपोर्ट पलीकडं नेणे, रिपोर्ट परत आणणे, सपोर्ट खालून उचलून धरणे. काही उपसर्ग तर सरळ भाऊच आहेत: आपला अन् आणि इंग्रजी अन, आपला परि आणि ग्रीक पेरि. गणितातली परिमिती आणि पेरिमीटर शेजारी शेजारी लिहून बघा.

न उच्चारली जाणारी सगळी अक्षरं मात्र नो मधल्या केसारखी प्रामाणिक नाहीत. डेट, म्हणजे कर्ज, या शब्दात बी लिहितात. तो कधीच इंग्रजी बोलण्यात नव्हता. फ्रेंचमधून तो शब्द बी शिवाय आला, मग पंडितांनी लॅटिन देबितुम आठवून मध्ये बी कोंबला. डाउटमध्ये तसंच. आयलंडमधला एस तर चक्क घोळ आहे: तो घरचा शब्द, त्यात एस नव्हताच, आइल या परक्या शब्दाच्या देखादेखी घुसला. हे कळल्यावर स्पेलिंग सोपं होत नाही, पण राग तरी योग्य माणसावर जातो.

एक पथ्य पाळा. मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. नाइस हा लॅटिन नेस्कियुस वरून आला, अर्थ अडाणी. सिली म्हणजे एके काळी भाग्यवान, धन्य. म्हणून ‘व्हेरी नाइस’ म्हणणाऱ्या बाईंना मुलानं मूळ अर्थ सांगायला जाऊ नये. परीक्षेत आजचाच अर्थ लिहायचा.

शब्द तपासायला कोश असा हवा, जो प्रत्येक शब्दाचं जुनं रूप आणि ते कधी सापडलं ते देतो. ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ पासून भागाभागानं निघत १९२८ साली पुरा झाला तो याच पद्धतीनं. आपल्या बाजूला मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती १८५७, आणि किट्टेलचा कन्नड–इंग्रजी कोश, १८९४. दोन्ही आता इंटरनेटवर मोफत बघता येतात. मुलगा कन्नड वाचतो, तेव्हा किट्टेल उघडायला त्याला कुणाची मदत नको.

पॉश तेवढा राहिला. इंग्लंडहून हिंदुस्थानला येताना बोटीची डावी बाजू आणि परत जाताना उजवी बाजू सावलीची, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, येताना उजवी) या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं छापत, अशी ती गोष्ट. तसं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. यादीतून हा शब्द काढून टाका आणि त्या जागी मंगूस घाला. तो खराखुरा मराठी मुंगूस आहे, सतराव्या शतकात इंग्रजीत गेलेला. इंग्रजांनी त्याच्या शेपटाला स्वतःचं गूस, म्हणजे हंसासारखा पक्षी, स्पेलिंगमध्ये चिकटवलं. पण पक्ष्याचं अनेकवचन गीस होतं म्हणून याचं मंगीस होत नाही, मंगूसेसच होतं. हा प्रश्न शाळेत कुणीतरी विचारेलच.